गाळा नंबर तीनमधलं केशर

चप्पल रस्त्यावर. शर्ट खुंटीवर. मग बाहेरचं दार लावायचं, आणि ते लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. दोन दारांच्या मधली चार फूट जागा बजरंग उंद्रेनं स्वतः प्लायवूड ठोकून बंद केली होती. तिथं धुतलेला सदरा, कापडी टोपी, आतल्याच स्लीपर आणि बादलीच्या काठावर पिळून ठेवलेलं फडकं. फडक्यानं हात कोपरापर्यंत पुसायचे. एवढं झालं की आत. आत थंडी, जांभळट उजेड, आणि लाकडी ट्रेमध्ये ओळीनं मांडलेले केशराचे चार हजार दोनशे कंद.

वाघोलीत, हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत, सलून आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाशेजारी केशर पिकतं असं कोणी सांगितलं तर लोक हसत. बजरंग हसत नसे. तो म्हणे, "अजून पिकलं नाय. पिकलं की सांगतो."

गाळे त्याचेच. वडिलांच्या वेळी त्या जागेवर कांदा व्हायचा. पुढं प्लॉट पडले, घर दुमजली झालं, खाली तीन शटर आली. बजरंग मात्र शेतात कधी रमला नाही. एकतीस वर्षं तो दुचाकीच्या कारखान्यात पेंट शॉपला होता. पेट्रोलच्या टाकीवर रंग मारायचा. टाकी ओली असताना तिच्यावर एक केस बसला, एक धागा बसला, तरी टाकी परत. त्यामुळे रंगाच्या बंद खोलीत, बूथमध्ये, जाताना केस झाकायचे, खिसे रिकामे करायचे, अंगावरचा कण न् कण पुसायचा. ही सवय त्याच्या अंगात इतकी भिनली होती की निवृत्त झाल्यावरही जेवायला बसताना तो ताटाखालची जागा पुसून घेई. बायको शालू म्हणे, "अहो, भाकरी खायचीय, रंगवायची नाय."

तिसरा गाळा श्रद्धानं भाड्यानं घेतला होता. मूळची अकोल्याची, खराडीत आयटीत नोकरी, वय तिशीच्या आत. काश्मीरहून कंद मागवून बंद खोलीत केशर घ्यायचं तिच्या डोक्यात बसलं होतं. मातीसुद्धा लागत नाही. फुलाला लागेल तेवढं सगळं कंदाच्या पोटात असतं. फक्त हवा बरोबर ठेवायची. पहिल्या वर्षी तिनं एकटीनं केलं. हवेतला ओलावा फार झाला, एसीचं पाणी ट्रेमध्ये ठिबकलं, निम्मे कंद सडले. फुलं आली त्रेसष्ट.

सडके कंद पोत्यात भरताना बजरंग शटरशी उभा होता. त्यानं विचारलं, दिवसात दार किती वेळा उघडता? तिनं सांगितलं, मोजलं नाही. तो म्हणाला, "मोजा." दुसऱ्या दिवशी ती आकडा घेऊन आली. एक्केचाळीस. बजरंगनं मान हलवली आणि फूटपट्टी घेऊन दोन दारांचं माप काढायला बसला. त्या दिवसापासून खोली त्याच्या हातात आली.

किल्ली देताना श्रद्धानं एकच गोष्ट स्पष्ट सांगितली होती. तिची ताकद दोन वर्षांचीच आहे. यंदा फुलं नीट आली नाहीत तर गाळा रिकामा करून ती केशराचं नाव टाकणार. बजरंगनं किल्ली खिशात टाकली. घरी येऊन शालूला म्हणाला, "त्रेसष्ट फुलं. माझ्या हाताखाली त्रेसष्ट आली तर मी मिशा काढतो."

ऑगस्टात कंद आले. त्यानं एकेक हातात घेतला, दाबून पाहिला, मऊ निघालेले शंभरेक बाजूला केले. दिवसातून तीन वेळा काट्यांची नोंद. गरमी किती, ओलावा किती. दार दिवसात सहा वेळा, सातव्यांदा नाही. सप्टेंबरच्या शेवटी कंदांच्या डोक्यावर पांढरे कोंब निघाले. बोटाच्या पेराएवढे झाले, मग दीड पेर. काहींच्या टोकाला हिरवी पात डोकावू लागली. पातीच्या आत, पांढऱ्या सालीत गुंडाळलेली, फुलं बसलेली असतात. बाहेरून काही दिसत नाही. बजरंग सकाळी आत गेला की आधी त्या कोंबांपुढे उकिडवा बसे. साठीच्या माणसाला कुणी इतकं उतावीळ पाहिलं नसेल. शालू विचारी, "आलं का?" तो म्हणे, "येतंय."

आणि नवरात्र आलं.

खंडेनवमीला अवजारांची पूजा बजरंगनं आयुष्यात चुकवली नव्हती. कारखान्यात त्या दिवशी लाइन थांबायची. रंगाच्या गन धुऊन, पुसून, बूथच्या बाहेर टेबलावर मांडायच्या, हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, पेढे. टेबल बाहेर का, हे त्याला कधी विचारावं लागलं नव्हतं. सुपरवायझर मांडायचा, बाकीचे हात जोडायचे.

इथं अवजार म्हणजे एसी आणि ओलावा सोडणारं यंत्र. दोन्ही भिंतीला पक्की. बाहेर आणणार कशी? बजरंगनं विचार केला, आणि विचार चांगलाच केला असं त्याला वाटलं. खोलीत विष नको, म्हणून त्यानं पुतण्याला, सूरजला, फोन करून सांगितलं की बाजाराचा झेंडू नको, आपल्या रानातला दे, आणि फवारणी न केलेला दे. सूरजनं दोन टोपल्या पाठवल्या. शालूनं माळा ओवल्या. बजरंगनं हात पुसून, टोपी घालून, माळा आत नेल्या. एक एसीला, एक यंत्राला, आणि उरली ती रॅकच्या माथ्यावर. श्रद्धानं फोटो काढला. माळा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत होत्या.

पूजेनंतर सहाव्या दिवशी वरच्या रॅकमधल्या एका हिरव्या पातीवर त्याला बारीक रुपेरी ओरखडा दिसला. नखानं खरवडल्यासारखा. त्याच्याजवळ काळे ठिपके, टाचणीच्या टोकाहून लहान. त्यानं चष्मा पुसला. शेजारच्या पातीवर तेच. त्याच्या शेजारी तेच.

त्यानं पांढरा कागद आणला, पात हलकेच त्यावर टिचकावली, आणि डोळे बारीक करून बघितलं. कागदावर धाग्याचे तुकडे पडले होते. मग एक तुकडा चालू लागला.

हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं. वडील कांद्याची पात अशीच तळहातावर झटकत आणि शिवी घालत. फुलकिडे. पातीतला रस खरवडून खातात आणि फूल आलं की फुलात शिरतात. कांद्याची पात त्यांनी पांढरी केली तरी खाली कांदा उरतो. इथं पीक म्हणजेच फूल. फुलातल्या तीन लाल काड्या म्हणजे सगळं केशर. किडा आत शिरला की काड्या उमलण्याआधीच डागाळणार.

श्रद्धा संध्याकाळी आली. कागद बघून मटकन स्टुलावर बसली. तिनं स्वतःलाच दोष दिला. परवा ती ऑफिसातून थेट आली होती, सदरा वरून घातला होता पण आतले कपडे तेच होते, ऑफिसच्या गच्चीवर कुंड्या आहेत, तिथूनच आले असणार. बजरंग ऐकत राहिला. किडा कुठून आला हे त्याला माहीत नव्हतं. पण सगळे ओरखडे वरच्या रॅकला होते, खाली जवळजवळ नव्हते, आणि ही गोष्ट त्याला बोचत होती. दारातून आलेला किडा आधी माथ्यावर कशाला चढेल?

सकाळी त्यानं शिडी लावली. रॅकच्या माथ्यावर, फळी आणि भिंत यांच्या फटीत, वाळलेल्या केशरी पाकळ्या होत्या. नऊ.

त्यानं तिथंच उभं राहून सूरजला फोन लावला. झेंडू कुठला दिला होतास म्हणून विचारलं.

"तुम्हीच म्हणला ना नाना, बिनफवारणीचा दे," सूरज म्हणाला. "विहिरीकडच्या वाफ्यातला दिला. त्यात लय किडं होतं, म्हणून बाजारला नेलाच नव्हता. का? पूजा चांगली झाली ना?"

"लय चांगली झाली," बजरंग म्हणाला.

सूरज दुपारी स्वतःच आला, खिशात बाटली घेऊन. एक फवारा मारा, संध्याकाळपर्यंत खोली साफ. बजरंगनं बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. पंधरा दिवसांत ज्या काड्या लोकांच्या दुधात पडणार, बाळंतिणीच्या वाटीत पडणार, त्यावर हे मारायचं. त्यानं बाटली परत दिली. मोहही झाला होता, हे खरं. फवारा मारला असता तर पाकळ्यांचं कोणाला कळलंही नसतं. श्रद्धा ऑफिसच्या कुंड्यांना दोष देत बसली असती.

संध्याकाळी ती आली तेव्हा बजरंगनं वाळक्या पाकळ्या बशीत घालून तिच्यापुढे ठेवल्या.

"ताई, किडा माझ्या माळेतून आला."

तिनं पाकळ्या पाहिल्या. मग त्याच्याकडे पाहिलं.

"तुमच्या ऑफिसच्या कुंड्यांचा काय संबंध नाय. दोन दारं मी बांधली, फडकं मी ठेवलं, आणि टोपलीभर किडं मीच हातानं आत नेलं. हात पुसून नेलं."

श्रद्धानं बशी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "काका, मी तिथंच उभी होते. मी फोटो काढून स्टेटसला टाकला. पंचाण्णव जणांनी बघितला. त्यात कृषीची पदवी घेतलेले तिघं आहेत. एकानंही विचारलं नाही की फुलांच्या खोलीत झेंडू काय करतोय."

"त्यांच्या हातात खोली नव्हती. माझ्या होती."

"बरं. मग आता काय करायचं ते बोला. रडायला मला सुट्टी मिळत नाही."

बजरंगनं रात्रभर विचार केलेलाच होता. पेंट शॉपला धुळीच्या मागे धावत नाहीत. धूळ कुठून येते, कुठं बसते, कुठून परत उठते, ते रस्ते बंद करतात. किड्याचे रस्ते तीन होते. एक, मोठे किडे उडतात. त्यांना उजेडाकडे आणि निळ्या रंगाकडे ओढ असते, हे श्रद्धानं वाचून काढलं. दोन, पिल्लं पातीच्या बेचक्यात बसतात. तीन, कोषात जायच्या वेळी ती खाली पडून मातीत लपतात. इथं माती नव्हतीच. पण कंदांची तपकिरी सालपटं ट्रेमध्ये पडली होती. लपायला तेवढी पुरतात.

निळा रंग त्यानं स्वतः कालवला. श्रद्धानं बाजारातले चिकट पत्रे मागवले होते, ते चार दिवसांनी येणार होते. बजरंगला चार तास थांबवत नव्हतं. तेलाचे रिकामे डबे कापून सपाट केले, घासून घेतले, निळा आणि पांढरा मिसळत मिसळत फोटोतल्या पत्र्याची छटा गाठली. अंगणात पहिला पत्रा वाळत घातला तेव्हा शालू म्हणाली की दोन वर्षांनी यांच्या अंगाला तो वास आला, बरं वाटलं. वाळलेल्या पत्र्यांवर एरंडेलाचा जाड हात. खोलीत असे छत्तीस पत्रे टांगले. रॅकचे दिवे कमी करून पत्र्यांजवळचे तेवढे चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं भिंगानं मोजले. एकशे चौदा किडे. आकडा ऐकून श्रद्धा घाबरली. बजरंगला मात्र उत्साह चढला. एकशे चौदा किडे आता कोंबावर नव्हते.

उरलेलं काम हाताचं होतं. प्रत्येक कंद उचलायचा. सुटलेलं सालपट काढायचं. ओल्या पांढऱ्या फडक्यावर आडवा धरून मऊ ब्रशनं कोंब वरून खाली झाडायचा, पातीची बेचकी झाडायची, कंद धुतलेल्या ट्रेमध्ये ठेवायचा. एका कंदाला पाऊण मिनिट. बजरंगनं हिशेब मांडला. साडेबावन्न तास. दोघांनी केलं तर तीन दिवस, रोज नऊ तास. आणि अंडी पातीच्या आत असतात, ती ब्रशनं निघत नाहीत, म्हणून ती फुटल्यावर आठवड्याभरानं हेच सगळं पुन्हा एकदा.

श्रद्धानं तीन दिवस सुट्टी टाकली. पहिल्या दिवशी तिच्या हातून सव्वीस कोंब मोडले. मोडलेला कोंब म्हणजे गेलेलं फूल, एकातून दोन-तीनसुद्धा. बजरंगनं मोडलेले कोंब तिच्यापुढे ओळीनं लावून ठेवले. त्याचे स्वतःचे चार होते, तेही लावले.

"काका, हे टोमणे आहेत का?"

"नाय. मोजणी हाय."

मग त्यानं तिला हात दाखवला. ब्रश बोटांनी दाबायचा नाही, मनगट सैल सोडून ब्रशच्या वजनानं फिरू द्यायचा. कंद मुठीत नाही, तीन बोटांत. पेंट शॉपला तो नव्या पोरांना हेच शिकवत असे आणि म्हणत असे की रंग हातानं नाही, खांद्यानं मारायचा. दुसऱ्या दिवशी तिचे नऊ मोडले. तिसऱ्या दिवशी दोन. पाठ दोघांची गेली होती. थंडीत नऊ तास बसून बजरंगचे गुडघे उठताना कडकडा वाजत. तो रोज संध्याकाळी जमीन ओल्या फडक्यानं पुसून घेई, फडकी उकळत्या पाण्यात टाकी, आणि पत्र्यांवरचे किडे मोजून आकडा दारावर लिही. एकशे चौदा. एक्क्याण्णव. अठ्ठावन्न. छत्तीस. एकोणीस. मग एक दिवस आकडा पुन्हा वर गेला. चव्वेचाळीस. अंडी फुटली होती.

"दुसरी फेरी," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. किडा ठरल्या दिवशी आला म्हणजे आपला अंदाज बरोबर, एवढंच त्याला त्यातून कळलं होतं.

दुसऱ्या फेरीला श्रद्धाला सुट्टी मिळाली नाही. ती पहाटे दोन तास आणि ऑफिसहून आल्यावर दोन तास बसे. मधला दिवस बजरंग एकटा. शालूनं मदतीला येते म्हटलं तर त्यानं नको सांगितलं. तिच्या केसात गजरा नसला तरी तेल असतं, शिवाय ती गुणगुणते. गुणगुणल्यानं किडा येत नाही, हे तिनं सांगून पाहिलं.

त्या फेरीच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, खालून दुसऱ्या ट्रेमध्ये त्याचा ब्रश थांबला. एका पांढऱ्या कोंबाची साल टोकाला फाटली होती आणि फटीतून जांभळं काहीतरी डोकावत होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. त्यानं ब्रश खाली ठेवला. तो तसाच बघत बसला. मग उठला, आतलं दार उघडलं, ते लावलं, बाहेरचं उघडलं, आणि रस्त्यावर अनवाणी उभा राहून वर घराकडे तोंड करून ओरडला, "शाले, आलं."

त्या दिवशी दार आठ वेळा उघडलं गेलं. दोन वेळा शालूसाठी.

पुढचे चार दिवस फुलं सात, अकरा, तीस, बेचाळीस अशी येत गेली. प्रत्येक फूल तोडायच्या आधी तो पांढऱ्या कागदावर टिचकावून पाही. बहुतेक कागद कोरा राही. कधी एखादा किडा पडे, तो बोटानं चिरडला जाई. श्रद्धा रोज विचारी, किती? आणि तो आकडा सांगताना पुढे जोडी, "डाग तीन." किंवा "डाग एक." पहिल्या वर्षीची त्रेसष्ट ओलांडली त्या दिवशी शालूनं त्याच्या मिशांकडे बघून मान डोलावली.

लक्ष्मीपूजनाला श्रद्धा अकोल्याला गेली नाही. आईशी फोनवर तिचं वाजलं. दुसऱ्या दिवशी पाडवा. शालूनं पहाटे बजरंगला उटणं लावून आंघोळ घातली, ओवाळलं, आणि तो औक्षणाच्या ताटावरून उठून तसाच खाली गेला. दोन दारं पार केली, दिवे लावले.

खोली जांभळी झाली होती.

वरच्या रॅकपासून खालपर्यंत, ज्या ट्रेमध्ये काल बंद कळ्या होत्या तिथं फुलं उभी होती. काही पूर्ण उमललेली, काही अर्धी, लाल काड्या बाहेर लोंबत होत्या. त्यानं एक ट्रे मोजला, रॅकचे ट्रे मोजले, गुणाकार केला. आठशेच्या आसपास. उमललेलं फूल दुपारपर्यंत मऊ पडतं, काड्या चिकटतात. शिवाय उघड्या फुलात उरलासुरला किडा शिरायला वाट मोकळी. दुपारच्या आत सगळी तोडून काड्या वेगळ्या व्हायला हव्यात. त्याचे दोन हात, श्रद्धाचे दोन. तोडायला दोघं, पण आठशे फुलांच्या काड्या काढायला? त्यानं पुन्हा गुणाकार केला. हिशेबानं काम संपायला संध्याकाळ होणार होती.

एकतीस वर्षांत बजरंगनं बूथमध्ये बाहेरचा माणूस घेतला नव्हता. तो दोन मिनिटं उभा राहिला. मग वर जाऊन शालूला म्हणाला, "गल्लीतल्या बायकांना बोलाव. ज्यांचा हात हलका, त्यांनाच."

पाडव्याची सकाळ. बायका नव्या साड्यांत, गजरे माळून, कोणाच्या हाताला अजून उटण्याचा वास. इंदुबाई आल्या, ज्या साठीच्या असूनही सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतात. त्यांची सून रुपाली आली. सलूनवाल्याची बायको आली. सहा जणी. बजरंग दोन दारांच्या मधे बादली घेऊन उभा होता.

"गजरे काढा."

इंदुबाईंनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नाना, आज पाडवा हाय. पाच मिनिटांपूर्वी माळलाय."

"बाहेर खुंटीला लावा. जाताना पुन्हा माळा."

"देवळात पण एवढं काढून ठेवत नाय आम्ही."

"देवळात किडं चालतात, इंदुबाई. इथं नाय. फुलापायीच मी एकदा तोंडावर आपटलोय."

त्यांनी गजरा काढला. बाकीच्यांनीही काढले. खुंटीवर शर्टाऐवजी सहा गजरे लटकले. नव्या साड्यांवर बजरंगचे धुतलेले सदरे चढले, डोक्याला टोप्या. बसायचं वर घरात होतं, तरी काड्यांत केस नको, किडा नको. रुपालीला हसू आवरेना. श्रद्धा फोन घेऊन आली, तिच्या ऑफिसातून कोणी विचारत होतं, सुट्टीच्या दिवशी दहा मिनिटं बोलता येईल का. तिनं सांगितलं, फूल उमललंय, आणि फोन बंद केला.

श्रद्धा आणि बजरंग आत तोडायला. बायका बाहेर, वरच्या घराच्या स्वच्छ पुसलेल्या खोलीत, पांढऱ्या चादरीवर गोल करून. शालू फुलांची ताटं वर नेई आणि रिकामी खाली आणी. आतून ताट दोन दारांच्या मधे ठेवलं जाई, बाहेरून ती उचले, दारं एकाच वेळी उघडत नसत. दोन ताटं झाल्यावर तिनं त्याला सांगितलं की वर गुणगुणणं चालू आहे, चालेल का. तो म्हणाला, वर चालेल.

फूल देठाशी चिमटीत धरून वळवायचं, ओढायचं नाही. टिचकी, कागद, ताट. टिचकी, कागद, ताट. बजरंगच्या बोटांना परागाचा पिवळा रंग चढला. श्रद्धाच्या बाजूनं आवाज येत होता, तीही मोजत होती. जिथं पहिले ओरखडे दिसले होते त्या वरच्या रॅकशी तो पोचला तेव्हा त्याचा वेग कमी झाला. इथल्या पातींवर रुपेरी रेघा तशाच होत्या, त्या जात नाहीत. त्यानं पहिलं फूल कागदावर टिचकावलं. कोरा. दुसरं. कोरा. नववं फूल वाकडं निघालं, पाकळीवर पांढरे चट्टे, एक काडी करपल्यासारखी. ते त्यानं वेगळ्या बशीत ठेवलं. तशी आणखी निघाली. प्रत्येक वेळी तो बशीकडे हात नेई तेव्हा तोंडानं आकडा म्हणत नसे, पण ओठ हलत.

साडेअकराला शेवटचा ट्रे झाला. तो वर गेला. चादरीभोवती बायका बसल्या होत्या, मधे रिकाम्या जांभळ्या पाकळ्यांचा ढीग, आणि प्रत्येकीपुढे वाटीत लाल काड्या. इंदुबाईंच्या वाटीतल्या काड्या तिन्ही तिन्ही जोडलेल्या, एकही तुटलेली नव्हती. बजरंगनं वाकून बघितलं.

"पास?" इंदुबाईंनी विचारलं.

"रुपालीच्या थोड्या तुटल्यात," तो म्हणाला. "तुमच्या बऱ्या हायेत."

"एवढं म्हणला, पाडवा झाला," इंदुबाई म्हणाल्या.

श्रद्धानं आकडा लिहिला. आठशे सत्तावीस फुलं, डागी एकतीस. डागी बशीतल्या काड्याही तिनं काढायला घेतल्या, तर बजरंगनं बशी आपल्याकडे ओढली. ती तो स्वतः काढणार होता. तिनं दिली. चाळणीवर पसरलेल्या लाल काड्या बघून तिचे डोळे भरले, आणि ते लपवायला तिनं विचारलं, "उद्या किती येतील, काका?"

बजरंगनं सकाळी तोडताना प्रत्येक ट्रेमधल्या बंद कळ्या बघून ठेवल्याच होत्या.

"हजारावर," तो म्हणाला. मग बायकांकडे वळला. "उद्या साडेसहाला सगळ्यांनी यायचं."

"उद्या भाऊबीज हाय, नाना," रुपाली म्हणाली. "आमचे भाऊ येणार."

बजरंगनं क्षणभर विचार केला.

"भावांना म्हणावं, साडेबारानंतर या," तो म्हणाला, आणि वापरलेले सदरे गोळा करून उकळायला घेऊन गेला.